संध्याकाळी सातची मीटिंग

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी येतो तेव्हा घरात सणासारखं वातावरण असतं. बायकोने आवडीचं जेवण केलेलं असतं, आई देवापुढे साखर ठेवते, मुलं जरा बिचकत का होईना, जवळ येऊन बसतात. त्याचं वजन वाढलेलं असतं, हातांची थरथर गेलेली असते. सगळ्यांना वाटतं, सुटला एकदाचा. मग आठवडा सरतो आणि एक साधी संध्याकाळ येते. कामावरून सुटायची वेळ, कोपऱ्यावरच्या बारची पाटी उजळलेली, खिशात थोडे पैसे, आणि जेवणापर्यंतचे तीन तास करायचं काय, हे ठाऊक नाही. वर्षानुवर्षं हे तास दारूचे होते. केंद्रातल्या डॉक्टरांनी शरीरातली दारू काढली. या तीन तासांवर मात्र गोळी नसते.

दारू सुटणं आणि सुटलेली राहणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काही दिवसांचं, दुसरं जन्मभराचं. आपल्याकडे सगळा पैसा आणि सगळी धावपळ पहिल्या कामावर खर्च होते. दुसऱ्यासाठी जी व्यवस्था आहे ती फुकट आहे, राज्यातल्या सगळ्या मोठ्या शहरांत आणि कितीतरी लहान गावांत आहे, आणि तरी बहुतेक घरांना तिचा पत्ता माहीत नसतो. ती म्हणजे दारू सोडलेल्यांच्या आणि सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पितात, आणि साधारण ५.७ कोटींचं पिणं मदत लागावी इतकं हाताबाहेर गेलेलं आहे. दारूवाचून चालतच नाही अशा अवस्थेला पोचलेल्या ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळतो. उरलेले ३७ जण काय करतात? कुणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, कुणी बाबाकडून अंगारा आणतो, कुणी माळ घालतो.

माळेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. तुळशीची माळ घातली आणि दारू कायमची सुटली, अशी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्या निग्रहाला नमस्कारच केला पाहिजे. पण त्यांतले बरेचजण एकट्या माळेवर टिकलेले नसतात. माळेबरोबर त्यांना हरिपाठ मिळाला, दिंडी मिळाली, संध्याकाळची भजनाची बैठक मिळाली. पिणाऱ्यांची संगत सुटली आणि दुसरी लागली. ज्याला माळ मिळाली पण संगत मिळाली नाही, त्याची माळ फार दिवस गळ्यात राहत नाही. व्यसन एकट्याने सोडता येतं, पण एकट्याने ते सोडलेलं ठेवणं अतिशय जड जातं. मीटिंगचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

त्याची सुरुवात झाली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन नावाच्या गावी. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन व्यवहारासाठी तिथे आला होता आणि व्यवहार फिसकटला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार होता, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी लावलेली होती. आता आपण पिणार, हे त्याला कळलं आणि त्याच वेळी हेही कळलं, की या क्षणी आपल्याला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायची गरज आहे. त्या माणसाला सुधारण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. अखेर एका बाईंनी गावातल्या एका शल्यविशारदाशी त्याची गाठ घालून दिली. डॉ. बॉब स्मिथ. दारूपायी त्यांचा व्यवसाय बुडत चाललेला. पंधरा मिनिटांवर एक मिनिट बसणार नाही, असं ठरवून डॉक्टर आले आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. दारूच्या दुष्परिणामांवर डॉक्टरला व्याख्यान द्यायला आजवर पुष्कळजण आले होते. आपण कसे प्यायलो, कसे खोटं बोललो, काय काय घालवलं, हे स्वतःचं सांगणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

या दोघांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. सगळे तिला ‘एए’ म्हणतात. तिचं मूळ पुस्तक १९३९ साली निघालं. भारतात तिच्या मीटिंगा १९५७ पासून सुरू आहेत, आणि आज सुमारे १८० देशांत तिचे एक लाखाहून जास्त गट आहेत. या गटांना मालक नाही. सभासद व्हायला फॉर्म नाही, फी नाही. दारू थांबवायची इच्छा असली की माणूस सभासद झाला. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते, ज्याला जमेल तो दहावीस रुपये टाकतो, त्यातून खोलीचं भाडं आणि चहा भागतो. बाहेरच्या कुणाचीही देणगी घ्यायची नाही, असा दंडक आहे. सुरुवातीला बिल विल्सनने धनाढ्य रॉकफेलरांकडे मोठी रक्कम मागून पाहिली होती. रॉकफेलरांनी थोडेच पैसे दिले आणि जास्त पैशाने हे काम बिघडेल, असं मत दिलं. ते मत या संस्थेने पुढे स्वतःचं केलं, आणि माझ्या मते तिच्या टिकण्याचं एक मोठं कारण तेच आहे.

महाराष्ट्राने या विचाराला स्वतःची जोडही दिली. पुण्यात गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. तिथे राहून उपचार घेतलेल्या माणसाला घरी गेल्यावर वाऱ्यावर सोडत नाहीत. गावोगावी त्यांच्या फॉलोअप मीटिंगा होतात, दारू सोडल्याचे वाढदिवस साजरे होतात, बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे.

आता पत्ता कसा शोधायचा ते सांगतो. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगांची यादी आणि संपर्काचे फोन मिळतात. नेटची सवय नसेल, तर सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जाऊन विचारा. तिथल्या समाजसेवकाला जवळची मीटिंग बहुधा माहीत असते. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६. दोन्ही फोन फुकट आहेत. एएच्या नंबरवर फोन केलात तर बोलणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेलाच असतो. त्याला तुमचं पूर्ण नाव नको असतं. चार गोष्टी त्याला जरूर विचारा: मीटिंग कुठल्या भाषेत चालते, ओपन आहे की क्लोज्ड, इमारतीत शिरायचं कुठून आणि बायकांसाठी वेगळी मीटिंग आहे का. मुंबईत एकाच भागात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा वेगवेगळ्या मीटिंगा सापडतात. गोव्यात कोंकणी आणि इंग्रजीतून चालतात. आपल्या भाषेतली मीटिंग शोधाच, कारण आपल्या सगळ्यांत वाईट दिवसाबद्दल माणूस शिकलेल्या भाषेत नीट बोलू शकत नाही. परदेशातल्या मराठी माणसाला ऑनलाइन मीटिंगांचा आधार आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून त्या खूप वाढल्या. तरी जिथे चालत जाता येतं तिथे चालत जावं. स्क्रीन बंद केली की माणूस पुन्हा खोलीत एकटाच उरतो.

क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. ओपन मीटिंगला घरचे लोक, डॉक्टर, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. एकट्याने जायचा धीर होत नसेल, तर तसं फोनवर सांगा. स्टेशनवर किंवा नाक्यावर कुणीतरी घ्यायला येतं. कधी दोन सभासद घरी येऊन बोलतात. हे काम ते उपकार म्हणून करत नाहीत. दुसऱ्याशी बोलल्याने स्वतःची दारू लांब राहते, हा अ‍ॅक्रनच्या हॉटेलातला धडा ते रोज गिरवत असतात.

मात्र मीटिंगच्या आधी डॉक्टर, हे विसरू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, भूतबाधा झाली. ही रुग्णालयात दाखल करण्याची वेळ असते आणि योग्य औषधांनी ती सुखरूप पार पडते. दुसरा इशारा ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींबद्दल. भाजीत किंवा चहात गुपचूप गोळी मिसळायची आणि वर माणूस प्यायला, तर काही औषधांची दारूशी अशी रिअ‍ॅक्शन येते की रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो. केंद्र निवडतानाही चौकशी करा. मारहाण करणारी, कोंडून ठेवणारी केंद्रं आपल्याकडे आहेत. नोंदणी झालेली आहे का, मनोविकारतज्ज्ञ खरोखर येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

मीटिंगच्या खोलीत काय चालतं याची बाहेर फार विचित्र कल्पना असते. मी मुंबईत एका महापालिका शाळेत ओपन मीटिंगला बसलो आहे. तिथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम मलाही लागू आहे, म्हणून कुणाची कहाणी इथे सांगणार नाही. पण खोलीचं सांगता येतं. तिसरी-चौथीचा वर्ग, बाकं इतकी ठेंगणी की मोठ्या माणसांचे गुडघे छातीशी यावेत. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, आणि फळ्यावरच्या खिळ्याला कुणीतरी गुंडाळी उलगडून टांगलेला एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांचा कापडी फलक. एकजण ड्यूटीवरून थेट सिक्युरिटीच्या गणवेशात आलेला, त्याच्या शेजारी लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेला. सातला प्रार्थना झाली, थोडं वाचन झालं, आणि मग एकेकजण पुढे येऊन बोलू लागला. आधी फक्त पहिलं नाव, मग ‘मी मद्यपाशी आहे’. सगळे एका सुरात त्याला नमस्कार करतात. तो पाचदहा मिनिटं बोलतो आणि बसतो. मधे कुणी बोलत नाही. संपल्यावर कुणी सल्ला देत नाही, चूक दाखवत नाही, कीव करत नाही. पुढचा उठतो.

एवढंच. पहिल्यांदा बसणाऱ्याला प्रश्न पडतो, की याने काय होणार? मला जे दिसलं ते असं. बाहेर ज्या गोष्टीने चेहरे कसनुसे झाले असते, ती इथे सांगितली गेली आणि खोलीतल्या निम्म्या माना होकारार्थी हलल्या. बोलणारा बोलता बोलता ताठ होत गेला. शेवटच्या बाकावर एक नवा माणूस रुमालाने तोंड पुसत बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो नाव सांगून लगेच बसला, पुढे काही बोललाच नाही. त्या संध्याकाळी सगळ्यांत जोरात टाळ्या त्यालाच पडल्या. चहाच्या वेळी तिघाचौघांनी चिठ्ठ्यांवर आपापले नंबर लिहून त्याच्या हातात दिले. रात्री कितीही वाजता फोन कर, पण पहिला पेग घ्यायच्या आधी कर, एवढंच त्याला सांगितलं.

पहिला पेग टाळायचा, आणि तोही फक्त आजचा. शपथेत आणि मीटिंगमध्ये हा मोठा फरक आहे. ‘आयुष्यात थेंब घेणार नाही’ ही शपथ पहिल्या लग्नाच्या वरातीत मोडते आणि मग ‘मोडलीच आहे तर’ म्हणून माणूस महिनाभर पीत राहतो. चोवीस तासांचा वायदा पाळता येतो. उद्या सकाळी पुन्हा तोच करायचा.

लोकांच्या मनात दोन अडथळे नेहमी येतात. एक देवाचा. बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे हे खरं, पण ज्याला जसा उमजेल तसा, अशी मोकळीक मुळातच दिलेली आहे. नास्तिक सभासद पुष्कळ आहेत. कुणी त्या जागी गटालाच मानतो. कुणी मूर्तीपुढे बसवत नाही, धर्म विचारत नाही. तरीही एखाद्याला ती भाषा पचत नाही, आणि त्यात गैर काही नाही. त्याने डॉक्टरांचे उपचार आणि समुपदेशन चालू ठेवावं, दुसऱ्या पद्धतीचा गट पाहावा. दुसरा अडथळा ‘लोक काय म्हणतील’ याचा. ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटलं, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. गंमत म्हणजे, झिंगून रस्त्यात पडताना ज्या लोकांची लाज वाटली नाही, त्यांची लाज मीटिंगच्या जिन्यावर वाटते. व्यसनाचा हा स्वभावच आहे. जिना चढायचाच.

उपयोग किती होतो, हेही प्रामाणिकपणे पाहू. २०२० साली ‘कॉक्रेन’ या नावाजलेल्या संस्थेने २७ अभ्यास आणि १० हजारांहून जास्त रुग्ण एकत्र धरून आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार मिळालेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षभरानंतर पूर्णपणे दारूविना होते. इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे जादू नाही. निम्म्याहून अधिक लोक वर्षभर सलग टिकत नाहीत. पण ज्यासाठी रुग्णाला छदामही मोजावा लागत नाही, त्या मीटिंगांकडे वळवणारे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरतात, ही बाब आपल्या डॉक्टरांनी मनावर घ्यायला हवी. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि पत्ता लिहून द्यायला पाव मिनिट लागतं. हे सक्तीचं झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

एक मीटिंग बघून निर्णय घेऊ नका. प्रत्येक गटाचा तोंडवळा वेगळा असतो. कुठे वयस्कर माणसं, कुठे तरुण, कुठे बोलणं रडवं, कुठे हसतखेळत. पाचसहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहा. सुरुवातीला रोज जावं. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, असा सल्ला जुने सभासद देतात. त्यांतलाच एखादा अनुभवी माणूस पुढे स्पॉन्सर होतो, म्हणजे अडीनडीला हक्काने फोन करायचा माणूस. बाईने बाईलाच स्पॉन्सर करावं, असा संकेत आहे. स्त्रियांचं पिणं घरात दडवलं जातं, त्या फार उशिरा पोचतात, म्हणून त्यांच्या वेगळ्या मीटिंगा जिथे आहेत तिथे तिथूनच सुरुवात केलेली बरी.

आणि घसरलात तर? तर दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत जा. डॉ. बॉब पहिल्या भेटीनंतर काही आठवड्यांतच वैद्यकीय परिषदेला गेले आणि बेशुद्ध होईपर्यंत प्यायले. परतल्यावर एक शस्त्रक्रिया करायची होती, हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. १० जून १९३५ हा दिवस एए आपला स्थापनादिन मानते, तो याच बाटलीमुळे. १९५० साली मृत्यू येईपर्यंत डॉक्टर पुन्हा प्यायले नाहीत.

राहता राहिले घरचे. पिणारा मीटिंगला जायला तयारच नसतो, ही बहुतेक घरांची तक्रार असते. त्यांच्यासाठी बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू केलं. मद्यपाशी माणसाची बायको, आई, भाऊ, नवरा यांच्या या मीटिंगा आहेत. किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ आहे. पिणाऱ्याला दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, ती तुमच्या ताब्यात नाही आणि ती बरी करणंही तुमच्या हातात नाही, हे तिथे दुसऱ्या बायकांच्या तोंडून ऐकताना वर्षानुवर्षांचं ओझं उतरतं. बाटल्या लपवणं, साहेबांना खोटे फोन करणं, उधारी चुकवत फिरणं हळूहळू थांबतं. आणि घर सावरायचं थांबलं, की कित्येकदा पिणाऱ्यालाच आपल्या पिण्याची खरी किंमत पहिल्यांदा दिसते.

तेव्हा घरात हा प्रश्न असेल, तर पिणारा तयार होण्याची वाट पाहत बसू नका. उद्या सकाळी एक फोन करा, जवळच्या अल-अ‍ॅनॉनचा पत्ता घ्या, आणि तो येवो न येवो, तुम्ही आधी जा.